वीतभर धाग्याची जाळी

एका राज्यात एक राजकन्या दूरदेशीची विद्या शिकून परतली. वेशीवर नगारे झडतील, सडे-रांगोळ्या असतील, असे तिला वाटले होते. पण वेस उघडी होती आणि पहारेकऱ्याच्या जागी भाल्यावर रिकामा अंगरखा लटकत होता. दारांआडून माणसे बघत होती. कुणाला कान नव्हता, कुणाला पावले नव्हती. रक्त कुठेच नव्हते. जिथे अवयव संपत होता, तिथून एक पांढरा धागा निघून राजवाड्याकडे गेला होता.

राजकन्या शाल्मली धावत दरबारात शिरली. तिची आई, राणी मंदारवती, सिंहासनावर विणत बसली होती. मांडीवरून उतरलेली जाळीदार शाल पायऱ्या, दालने, सज्जे ओलांडून दिसेनाशी झाली होती. राणीची डावी बाही मनगटापासून रिकामी होती. डावी सुई तरीही चालत होती.

"आईसाहेब, ठेवा त्या सुया!"

"ठेवता येत नाहीत, बाळ. तुझ्या वाटेवर वेशीपासून इथवर एकच शाल अंथरायची होती मला. जृंभक म्हणाला, या सुयांना धागा कधी कमी पडायचा नाही. धागा कुठून येतो, ते मी विचारलेच नाही."

सिंहासनामागे लोकरीचा एक प्रचंड गुंडा होता. तो उठून उभा राहिला. तोच मायावी जृंभक. नगरातले धागे त्याच्या अंगावर गुंडाळले जात आणि तिथून सुयांवर चढत.

"राजकन्ये, सूर्यास्तापर्यंत तीन वस्तू विण. विणल्यास तर या सुया थांबतील. धागा तुझा. तो संपला, तर पुढचा तुझ्या अंगाचा."

शाल्मलीच्या झोळीत दोन सुया आणि मूठभर लोकर होती. ती शिकली त्या पहाडातल्या पाठशाळेत मुली उरल्यासुरल्या लोकरीची मनगटपट्टी, टोपडे, जाळीचे फूल विणत. दुपारी घेतले की दिवेलागणीला पुरे. शाल्मलीही विणे, पण मनात म्हणे, मला राज्य घडवायचे आहे, ही फुले कशाला?

"पहिले काम," जृंभक म्हणाला, "या समईच्या ज्योतीला अंगरखा. ज्योत विझू नये, अंगरखा जळू नये."

तिने जाळीचे टोपडे विणले, भोके मोठी ठेवून. ज्योत भोकांतून श्वास घेत राहिली, लोकरीला झळ लागली नाही. राणीची बाही तोवर कोपरापर्यंत रिकामी झाली होती.

"दुसरे. खिडकीतल्या सुगरणीच्या घरट्याला पडदा. वारा आत जावा, साप जाऊ नये."

साप फांदीवरून उतरू लागलाच होता. शाल्मली भराभर विणू लागली. बघता बघता पडदा रुंद होऊ लागला, हाताबाहेर गेला, आणि लोकर सरसर संपू लागली.

"अगं बाई!" सुगरण ओरडली. "धागा पुढे घेऊन भोक पाडलेस, पण दोन टाके एकत्र कुठे घेतलेस? प्रत्येक भोकाने एक टाका वाढतो, त्याला जोड नको? एवढे शिकून आलीस ना? घरटे पुरे पडायचे नाही तुझ्या पडद्याला!"

शाल्मलीने आईकडे पाहिले. शालीतही भोकांमागून भोके होती, आणि दोन टाके कुठेच एकत्र आले नव्हते. म्हणून ती वाढत होती. म्हणून ती संपत नव्हती.

साप घरट्याशी टेकला. तिने ओळ उसवली, टाके मोजून जोडले, पडदा पुरा करून घरट्यावर ओढला. सापाचे तोंड जाळीवर आपटले.

आता तिच्या हाती वीतभर धागा उरला. उन्हे भिंतीवर चढली होती. राणीची बाही खांद्यापासून लोंबत होती.

"तिसरे," जृंभक हसला, "मला बसेल असे काही."

वीतभर धाग्यात त्याचा तळहातही झाकला नसता. शाल्मली विणू लागली. एक भोक, एक जोड. एक भोक, एक जोड. जाळीची एक अंगठी झाली.

"एवढीच?"

"बोट पुढे करा."

त्याने हसत करंगळी पुढे केली. तिने अंगठी चढवली, शेवटचा टाका बंद केला आणि टोक ओढले. जृंभक न संपणाऱ्या विणीवरच जगत होता; पुरी झालेली वस्तू त्याच्या अंगाला कधी लागलीच नव्हती. तो किंचाळला. गुंड्यावरचे सगळे धागे सुटून शालीवर पडले, आणि फरशीवर नुसती अंगठी राहिली. राणीच्या सुया थांबल्या.

सकाळ झाली. वेशीतली माणसे होती तशीच अर्धीमुर्धी होती. त्यांची उरलेली अंगे शालीत होती.

राणी म्हणाली, "बाळ, तुझ्यासाठीच विणली. एकदा तरी पांघर."

शाल मऊ होती, ऊबदार होती. आईच्या हातचे इतके सुंदर काही तिने कधी पाहिले नव्हते. जृंभकाच्या त्या सुयाही बाजूला पडल्या होत्या. त्या चालवून तिला साऱ्या राज्याला वस्त्र देता आले असते. शाल्मलीने शालीवरून एकदा हात फिरवला.

मग तिने सुया गुडघ्यावर मोडल्या, शालीचे टोक शोधले आणि ओढले. आधी राणीचा खांदा आला, मग कोपर, मग मनगट, शेवटी करंगळी. त्या परतलेल्या हाताने राणीने धाग्याचे टोक धरले आणि पुढची ओळ ती स्वतः उसवू लागली. ती पहारेकऱ्याची होती.