राहेलबाईच्या फळीवरचं शास्त्र

मोटेच्या गाण्याने गाव जागं व्हायचं, त्या काळची गोष्ट. राहेलबाईकडे आईने दिलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतं. दर रविवारी विणलेल्या पिशवीत बसून ते तिच्याबरोबर उपासनेला जाई आणि न उघडताच फळीवर परत येई.

फळीवर शेजारीच असलेला राहेलबाईचा चष्मा कुरकुरे, "माझ्याकडून नुसते तांदूळ निवडून घेते. तुला कधी उघडायची?"

"पाळक हनोखबाबा सगळं सांगतात ना! त्यांच्या तोंडून ऐकताना माझंच मला कौतुक वाटतं," शास्त्र म्हणे.

एका रविवारी बाबा म्हणाले, "मग योनाला सिंहांच्या गुहेत टाकलं."

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. राहेलबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

शास्त्र पिशवीत तळमळलं, "अगं बाई, गुहेत दानीएल होता! योना माशाच्या पोटात!" पण मिटलेल्या पुस्तकाचं ऐकणार कोण?

बाबा मुद्दाम चुकले होते. ते हसले नाहीत. "लेकरांनो, योना माशाच्या पोटात होता. उद्या मी नसेन, तेव्हाही असंच आमेन म्हणाल?"

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. राहेलबाईने चष्मा पुसला, शास्त्र उघडलं. कसर लागू नये म्हणून आईने ठेवलेला कडुलिंबाचा पाला चुरा होऊन तिच्या मांडीवर पडला. ओळीवर बोट ठेवून ती वाचू लागली, तशी शास्त्राला बाबांच्या आवाजाची फार आठवण आली.

मध्येच बोट थांबलं.

"अहो बाबा," रिकाम्या घरात ती म्हणाली, "हे तर तुम्ही कधी सांगितलंच नव्हतं!"