धगोबाचा वाकडा टाका

एकदा काय झालं, सात डोंगरांपलीकडे एक गाव होतं. त्याचं नाव उबेगाव. तिथे ऊन यायचं ते दुपारपुरतं, घाईतल्या पाहुण्यासारखं. बाकी सगळा वेळ गारठा. पण माणसं काही गारठत नव्हती बरं का, कारण त्यांचा देव होता धगोबा.

धगोबा केवढा? तर वीतभर. कान बकरीचे, दाढीत राख, आणि हात मात्र कुंभारासारखे रुंद. त्याला देऊळ नव्हतं. आज या घरच्या चुलीमागे, उद्या त्या घरच्या. पण तो कुठेही असला तरी त्याची धग गावभर पुरायची. त्याची कामं तीन. चुलीत धग घालायची, माणसांच्या हातात कसब घालायचं, आणि गोठ्यात वासरू-कोकरू जन्मलं की त्याच्या नाकावर फुंकर मारायची. फुंकर बसली की पिल्लू धडपडत उभं राहायचं.

आता गावाची एक रीत होती. काहीही करायला घ्या, शेवट आपण करायचा नाही. सुतार शेवटची खुंटी ठोकायचा नाही. बुरूड टोपलीची शेवटची काडी मोकळी ठेवायचा. मग संध्याकाळी धगोबा त्या फटीतून आत शिरायचा, रात्रभर कामात मुरायचा, आणि सकाळी चुली पेटल्या की त्याच फटीतून बाहेर यायचा. गोधडी-घोंगडी असली तर येताना दोरा ओढत यायचा. मग टाका पडायचा, पण वाकडा. दरवेळी वाकडा!

त्या गावात हौसा नावाची बाई घोंगड्या विणायची. तिची कड अशी सरळ, की मुंगी चालली तर वाट चुकायची नाही. आणि कोपऱ्यात तो एक वाकडा टाका. हौसाला त्याची भारी लाज वाटायची.

"देव आहे खरा, पण शिवणकामात ढ आहे," असं ती शेजारच्या चंद्रीला म्हणायची. चंद्री म्हणजे कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते झाकण न काढता सांगणारी बाई. पण मनाने चांगली हो. शेजारणी असायच्याच तशा.

हौसाला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिची म्हातारी मेंढी, कवडी. आणि त्या वर्षी काय नवल, इतक्या वर्षांनी कवडी गाभण राहिली. हौसा रोज तिच्या पोटाला कान लावून बसायची.

मग एक दिवस राजाचा जासूद आला. राजाचं बाळ म्हणे थंडीने झोपतच नव्हतं. सोळा शाली झाल्या, दुलया झाल्या, बाळ आपलं कुडकुडतंय. राजाचा हुकूम होता, की हौसाने घोंगडी विणावी. आणि एकही टाका वाकडा नको.

हौसाने कोकरांची पहिली लोकर घेतली, जावळ म्हणतात ती, सायीसारखी मऊ. कातली, विणली, चिंचोक्याची खळ लावली, कड शिवली. शेवटचा टाका सवयीने तसाच सोडला आणि झोपली.

सकाळी अजून कोणाची चूल पेटली नव्हती, तोच जासूद दारात हजर. "आटपा बाई, घोडा उभा आहे!"

हौसाने कोपरा पाहिला. टाका अजून मोकळाच होता. तिला वाटलं, धगोबा आलाच नाही वाटतं. मनात म्हणाली, बरंच झालं. सुई घेतली आणि तिनेच टाका घातला. सरळ! घोंगडी उचलली तर जराशी जड लागली, आणि घडी घालताना आतून कोणीतरी शिंकल्यासारखं वाटलं. पण जासुदाची घाई. घोंगडी गेली.

तुम्हाला कळलं ना काय झालं ते? तिला नाही कळलं.

पहिल्या दिवशी हौसाने भाकरी टाकली. जाळ भरपूर, पण भाकरी कच्चीच. सगळ्या गावाच्या भाकऱ्या कच्च्या. दुसऱ्या दिवशी माणसांच्या हातातलं कसब गेलं. कुंभाराचं मडकं चाकावर बसेना, आणि हौसाला साधी गाठ मारता येईना. तिसऱ्या दिवशी गावातली गुरंढोरं, कोंबड्यांसकट, उठली आणि राजवाड्याच्या रस्त्याला लागली. एक कवडी तेवढी राहिली. तिला पोटामुळे उठवेना. रस्त्याकडे तोंड करून ती नुसती बें बें करत होती.

मग मात्र हौसाला उमगलं. "चंद्रे, मी देवाला आत शिवलं गं."

"म्हणजे ती शिंक त्याची होती?" चंद्री म्हणाली.

"तुला कशी ऐकू आली?"

"भिंतीला कान लावला होता म्हणून. मला वाटलं तुला पडसं झालंय."

आता कवडीचे दिवस भरत आले होते. फुंकर मारायला धगोबा नसेल तर कोकरू उठायचं कसं? हौसाने गवत भरलेल्या ढकलगाड्यात कवडीला निजवलं आणि निघाली.

"मी पण येते," चंद्री म्हणाली. "तुला सोबत होईल. आणि मला राजवाडा आतून बघायचाय."

पहिला दिवस ढकलत गेल्या, दुसरा दिवस ढकलत गेल्या, तिसऱ्या दिवशी पोचल्या. राजवाड्याभोवती उबेगावची सगळी गुरं बसलेली. आत मुदपाकखान्यात चुली अशा भडकलेल्या, की पोळी तव्यावर टाकली की कोळसा. राजा मुकुट काढून पंख्याने वारा घेत होता. आणि पाळण्यात बाळ घोंगडी पांघरून गाढ झोपलं होतं, गाल लालबुंद.

हौसाने हात जोडले. "महाराज, ही घोंगडी परत द्या. मी दुसरी विणून देते."

"मुळीच नाही," राजा म्हणाला. "माझं पोर पहिल्यांदा झोपलंय."

"महाराज, हिच्यात आमचा देव आहे. गावच्या चुलीत धग नाही राहिली."

"मग शंभर गाड्या लाकडं नेऊन टाका तुमच्या गावात!"

"लाकडं आमच्याकडे आहेत," चंद्री मध्येच म्हणाली. "कच्च्या भाकऱ्याही पुष्कळ आहेत. धाडू का?"

राजा रागावणार, तेवढ्यात कवडी ओरडली. तिथेच, राजवाड्याच्या अंगणात, ढकलगाड्यात ती व्याली. एवढंसं कोकरू, ओलंचिंब. हौसाने त्याला पदराने पुसलं, चोळलं, नाकावर फुंकर मारली. माणसाच्या फुंकरीने काय होतंय! कोकरू हलेना. कवडी त्याला चाटत राहिली. चाटायची आणि हौसाकडे बघायची.



पण राणी सज्जात उभी राहून बघत होती. तिचंही बाळंतपण नुकतंच झालेलं. ती खाली आली, पाळण्यातून बाळासकट घोंगडी उचलली आणि हौसापुढे बसली.

"उसवा," ती म्हणाली.

"अहो, पण बाळ..." राजा म्हणाला.

"तुम्ही वारा घ्या."

हौसाने कोपरा धरला. सगळ्या जन्मात घातलेला तिचा सर्वांत सरळ टाका. तिने तो दातांनी तोडला.

आधी बाहेर आली एक शिंक. मग बकरीचे कान. मग धगोबा आख्खा, अंगभर लोकर चिकटलेली. "सहा दिवस!" तो म्हणाला. "पाय आखडले माझे. बाई, देव आत असताना दार लावतात होय?"

"चुकले देवा. पण आधी तिकडे बघ," हौसा म्हणाली.

धगोबा तुरुतुरु गेला आणि कोकराच्या नाकावर फूऽऽ केलं. कोकराने एक कान हलवला. मग दुसरा. मग चार पाय चार दिशांना टाकत उभं राहिलं आणि सरळ कवडीला लुचायला लागलं. हौसा रडायलाच लागली. चंद्रीही रडली, पण ती म्हणते डोळ्यात धूर गेला.

आणि घोंगडीच्या कोपऱ्यात, धगोबा बाहेर येताना दोरा ओढला गेला होता ना, तिथे टाका पडलेला. वाकडा! बाळाने तो मुठीत घट्ट धरला होता. राणीने हात लावून पाहिलं. बाळ तसंच उबदार, तसंच झोपलेलं.

"त्याच्यापुरती धग ठेवलीय मी आत," धगोबा म्हणाला. "बाकी सगळं घेऊन मी निघालो."

राजा जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडेही अधूनमधून यायला काय घ्याल?"

"काही नको. स्वतःच्या हाताने काहीतरी करा आणि शेवट माझ्यासाठी सोडा."

मग राजा वाती वळायला शिकला. एकही सरळ व्हायची नाही. पण धगोबाला काय, वाकड्याची त्याला सवयच होती.

हौसा, चंद्री, कवडी आणि तिचं कोकरू गावी परतली. मागून सगळी गुरं, कोंबड्यांसकट. त्या संध्याकाळी भाकऱ्या अशा टम्म फुगल्या, की चंद्रीने पाच घरी जाऊन चाखून पाहिल्या. आणि हौसाने पुढे शंभर घोंगड्या विणल्या, पण कोपऱ्यातला टाका पुन्हा कधी स्वतः घातला नाही. कोणी नावं ठेवली तर म्हणायची, "तो माझा नव्हे. तो ज्याचा आहे त्याला जाऊन विचारा." सगळे सुखात राहिले, पोटभर जेवले.

आता तुमच्या गोधडीच्या कोपऱ्यात हात घालून बघा. सापडला का वाकडा टाका? असणारच. तुमची आई शिवत होती तेव्हा मी खिडकीतून बघत होते ना. मग आता पाय जरा आवरून घ्या, त्याला जागा द्या, आणि झोपा गुपचूप.