चिक्कीच्या गुळाचा वसा

ऐका सटवाईमाय, तुमची कहाणी. बायांनो, तांदूळ मुठीत घट्ट धरा, मोबाईल पदराखाली ठेवा, आणि लेकरांच्या अंगावरून हात काढा. बसू द्या त्यांना जरा मोकळं.

आटपाट म्हणतात तसं एक नगर होतं. त्या नगरात प्रमिला नावाची बाई राहत होती. नवरा दूध डेअरीत कामाला. माणूस भला, पण घरात त्याचा आवाज चहा मागण्यापुरताच. प्रमिलेला एकुलती एक लेक, केतकी. लेक शहाणी होती, पण प्रमिलेला एक खोड होती. कुणी केतकीला काही विचारलं, की उत्तर प्रमिला द्यायची. "बाळ, नाव काय तुझं?" प्रमिला सांगायची. "कितवीत आहेस?" प्रमिला सांगायची. "भूक लागलीय का?" "छे, आत्ताच जेवलीय ती," हेही प्रमिलाच सांगायची. लेक तोंड उघडायची आणि तसंच मिटून घ्यायची.

मग काय झालं? केतकी दहावी पास झाली. मार्क चांगले पडले. प्रमिलेनं पेढे आणले. त्या नगराची रीत अशी, की पेढा खाणाऱ्यानं "पुढे काय?" म्हणून विचारायचं, आणि उत्तराची वाट न बघता आपणच सांगून मोकळं व्हायचं.

प्रमिला पेढे घेऊन दिराकडे गेली. दिरानं पेढा खाल्ला, बोटं चाटली नि म्हणाला, "वहिनी, एवढे मार्क पडलेत, सायन्सच घ्या. दुसरं काही घेतलंत तर लोक म्हणतील, पोरगी ढ आहे." प्रमिला म्हणाली, "तिचंही तेच म्हणणं आहे." मग केतकीचं नाव सायन्सच्या क्लासला घातलं. पोर गेली, आली, गप्प बसली.

मग प्रमिला नणंदेकडे गेली. नणंदेनं पेढा खाल्ला, दुसरा उचलला नि म्हणाली, "सायन्स कशाला गं वहिनी? डोळे जातात पोरींचे. कॉमर्स घे. बँकेत पंख्याखाली बसेल, स्थळंही चांगली येतील." प्रमिला म्हणाली, "तिचंही तेच म्हणणं आहे." मग केतकीला सायन्सच्या क्लासमधून उठवलं, कॉमर्सच्या क्लासमध्ये बसवलं. पोर गेली, आली, गप्प बसली.

मग प्रमिला शेजारच्या निवृत्त हवालदारांकडे गेली. हवालदारांना साखरेचा आजार, पण पेढा त्यांनीही खाल्ला. म्हणाले, "ताई, क्लासबिस सोडा. पोरीला भरतीसाठी तयार करा. आत्तापासून पळायला लावा." प्रमिलेनं काय सांगितलं? तुम्हाला पाठ झालंच असेल. मग केतकीला कॉमर्समधून उठवलं, मैदानावर धाडलं. पोर गेली, आली, गप्प बसली.

आणि मग ती बोलेचना. पोळी वाढली तर खायची, नाही वाढली तर उठायची. "सायन्स की कॉमर्स?" मुकी. "कॉमर्स की भरती?" मुकी. "अगं, हो म्हण, नाही म्हण, काहीतरी बोल की!" मुकी. प्रवेशाची मुदत सरत चाललेली. प्रमिलेच्या डोक्याला मुंग्या आल्या. हिच्यासाठी दारोदार हिंडतेय, हिच्यासाठी सगळ्यांचं ऐकून घेतेय, आणि ही दगडासारखी बसलीय! वर्ष वाया गेलं तर नावं मलाच ठेवतील ना सगळे? रडू आलं, रागही आला. मग तिनं तेल घेतलं, नारळ घेतला, लेकीचं मनगट धरलं, नि शिवेवरच्या सटवाईला जाब विचारायला निघाली.

देवळापाशी एक म्हातारी बसली होती. केस पिकलेले, कपाळभर कुंकू, बोटांना शाईचे डाग. प्रमिलेला बघून तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "आली आणखी एक! निकाल लागला की माझ्या दाराशी रांग. कपाळावर काय लिहिलंय, वाचून दाखव. अगं, पाचवीच्या रात्री यायचं, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात लिहायचं, घरोघर घाई. माझं अक्षर माझं मला लागत नाही, तुम्हाला काय वाचून दाखवू?"

कोण बोलतंय हे प्रमिलेच्या ध्यानात आलं नाही. ती आपली म्हणाली, "माय, माझी लेक मुकी झाली हो. कुणाची नजर लागली बघा."

म्हातारीनं पोरीकडे बघितलं. विचारलं, "पोरी, तुला आवडतं काय?"

"तिला ना, अभ्यास आवडतो," प्रमिला म्हणाली.

"पोरी, तुला नकोसं काय वाटतं?"

"तिला काही नको नसतं हो. गुणी आहे."

"पोरी, तुला काही बोलायचंय का?"

"तिला काय बोलायचं असणार?"

म्हातारी उसळलीच. "बाई, अगं बाई! तोंड मी तुला दिलं तसं तिलाही दिलंय. तू दोन्ही तोंडं एकटीच वापरतेस. नजर कुणाची लागेल? तुझीच जीभ आड आलीय."

प्रमिलेचा चेहरा उतरला. मग तिनं हात जोडले. म्हणाली, "माय, यावर उतारा सांगा." म्हातारी म्हणाली, "उतारा नाही, वसा सांगते. शुक्रवारी लेकरासमोर बसावं. तोंडात गुळाचा खडा धरावा. 'तुझ्या मनात काय आहे?' एवढं आधी विचारून घ्यावं, नि खडा विरघळेतो गप्प बसावं. चावू नये, गिळू नये, मधेच हुंकार देऊ नये." प्रमिलेनं विचारलं, "यानं काय होतं?" म्हातारी म्हणाली, "मुकं लेकरू बोलतं. बोलकी आई ऐकते. दुसरं अवघड आहे, मी आधीच सांगून ठेवते."

मग पहिला शुक्रवार आला. प्रमिलेनं गुळाचा खडा घेतला. घेतला तो केवढा? शेंगदाण्याएवढा! बायांनो, हसू नका, तुम्हीही तेवढाच घेतला असता. लेकीसमोर बसली, विचारलं, खडा तोंडात टाकला.  केतकी हळूच म्हणाली, "आई, मला ना, बाहेर..." कडकन खडा चावला गेला. "बाहेर? बाहेरगावी ठेवायची नाही हं मी तुला!" पोर उठून गेली.

मग दुसरा शुक्रवार आला. या वेळी खडा सुपारीएवढा. केतकी म्हणाली, "मला उन्हात काम..." गपकन खडा गिळला गेला. प्रमिलेला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यातूनही म्हणालीच, "उन्हात? काळी ठिक्कर पडशील!" पोर पाणी देऊन उठून गेली.

मग तिसरा शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी प्रवेशाची मुदत संपायची. डब्यातला साधा गूळ सरलेला. प्रमिलेला संक्रांतीच्या लाडवांचा उरलेला चिक्कीचा गूळ सापडला. तिनं चांगला लिंबाएवढा गोळा काढला. "सांग बाई, तुझ्या मनात काय आहे?" असं विचारलं नि तोंडात कोंबला. चिक्कीचाच गूळ तो. वरचे दात वर चिकटले, खालचे खाली चिकटले, तोंड उघडेना.

केतकीनं आईकडे बघितलं. गाल फुगलेला, डोळे मोठे झालेले. आता ही बोलू शकत नाही, अशी पोरीची खात्री पटली. मग ती बोलू लागली.

"आई, मी क्लासला जात नव्हते."

प्रमिला ओरडायला गेली. फी भरलीय अगं! पण दात सुटेनात.

"मैदानावरही जात नव्हते. नव्या रस्त्याचं काम चाललंय ना, तिथे पावरा मॅडम आहेत. तिपाईवर दुर्बीण लावतात, जमिनीचा चढउतार मोजतात. एकदा त्यांचा माणूस आला नव्हता, तर मी त्यांची पट्टी धरून उभी राहिले. मग रोजच जायला लागले. मला गणित आवडतं आई, पण खोलीत बसून नाही आवडत. तिथे तेच गणित पायाखाली असतं."

उन्हात! परक्या माणसांत! रस्त्यावर! प्रमिलेनं दात ओढून बघितले. सुटेनात.

"आयटीआयला मोजणीचा कोर्स आहे, दहावीनंतर. पुढे डिप्लोमाला जाता येतं असं मॅडम म्हणाल्या. पण ते खरं का, सीट आहेत का, मुलींची सोय कशी आहे, मला काही ठाऊक नाही. नंतर नाही आवडलं तर काय, तेही ठाऊक नाही. मला भीती वाटते. उद्या तू चल ना माझ्याबरोबर. तू चांगलं विचारतेस. पण माझ्या वतीनं उत्तरं देऊ नकोस."

हळूहळू गूळ विरघळला, दात सुटले. प्रमिलेच्या ओठांशी कितीतरी बोलणी आली, नि सगळी गोड पाण्याबरोबर खाली गेली. ती एवढंच म्हणाली, "किती वाजता निघायचं?" तेव्हा पोर आईच्या गळ्यात पडून रडली. इतके दिवस आपण नुसतं बोलत होतो, आणि पोर एकटी घाबरत होती, याचं प्रमिलेला फार वाईट वाटलं.

मग दुसऱ्या दिवशी दोघी आयटीआयला गेल्या. प्रमिलेनं सगळं खोदून खोदून विचारलं, खिडकीतला माणूस घामाघूम झाला. पण "तुला यायचंय का इथे?" असं त्यानं पोरीला विचारलं, तेव्हा प्रमिला खांबाकडे बघत राहिली. केतकी म्हणाली, "हो." प्रवेश झाला.

पुढे केतकी शिकली, कामाला लागली. एके दिवशी प्रमिला तिला डबा द्यायला कामावर गेली. तिथे नणंद रिक्षातून उतरली. टोपी घातलेली भाची दुर्बिणीमागे उभी बघून म्हणाली, "काय गं केतकी, आता पुढे काय?" प्रमिलेचं तोंड सवयीनं उघडलं. मग तिनं पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा काढला, तोंडात टाकला.

केतकी म्हणाली, "आत्या, अजून ठरलं नाही. ठरलं की आधी आईला सांगेन."

त्या दिवशी गूळ विरघळून गेला तरी प्रमिलेच्या तोंडून शब्द फुटला नाही.

जशी सटवाईमाय प्रमिलेला पावली, तशी तुम्हा सगळ्यांना पावो. पावेल का, मला शंका आहे. मघाशी हळदीकुंकू लावताना मी पुढच्या रांगेतल्या या पोरीला नाव विचारलं. नाव कुणी सांगितलं? आईनं! आता प्रसादाला गूळच आहे, चिक्कीचा. आयांनो, मोठा खडा घ्या. साठा उत्तरांची ही कहाणी मी पाचांत आवरली. उरलेली उत्तरं तुमच्या लेकरांना देऊ द्या, म्हणजे ती सुफळ होईल, संपूर्ण होईल.

हं, बाळ, आता तू सांग. नाव काय तुझं?