पाय कुणाचा?

पूर्वी एकदा, मोटारी नव्या होत्या तेव्हाची नव्हे, त्या म्हाताऱ्या होऊ लागल्या तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात राजाचे खलिते घाटापलीकडे पोचवणारा एक सारथी होता. त्याचं वय झालं तेव्हा राजाने त्याला त्याचीच गाडी बक्षीस दिली. लाल, बुटकी, दोनच माणसांची, शर्यतीत पळणारी गाडी.

दर भाऊबीजेला म्हातारा ती गाडी स्वतः हाकत घाटापलीकडे थोरल्या बहिणीकडे जाई. बहीण नव्वदीची. ती म्हणे, "ज्या वर्षी तुला दुसरं कुणी आणून सोडेल, त्या वर्षी मी समजेन, माझा धाकटा भाऊ थकला." त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या हाती चाक द्यायची सोयच नव्हती.

एका वर्षी दिवाळी जवळ आली आणि गाडी चढावर रुसली. इंजिन नुसतं ओरडे, गाडी मात्र पुढे सरकेना. क्लच झिजला होता. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातला मध्यस्थ. पेडल दाबलं की दोघांची फारकत, सोडलं की पुन्हा गाठ. मध्यस्थच थकला, तर संसार चालायचा कसा?

नवा क्लच आणायचं काम म्हाताऱ्याच्या लेकीने अंगावर घेतलं. ती भारी चौकस होती. लोक म्हणत, ही देवळात गेली तर देवालाही विचारील, "हा हात वर का?"

राजधानीच्या बाजारात तिने तीन दिवस काढले. प्रत्येक संच उघडायला लावला, प्लेट हातात तोलून पाहिली, वास घेतला.

"या मधल्या स्प्रिंगा कशाला?"

"धक्का गिळायला," व्यापारी म्हणाला.

"आणि हे बेअरिंग?"

"पेडलचा दाब आत पोचवायला. जुनं बेअरिंग ठेवून नवी प्लेट घालू नका, बाई. महिन्याभरात परत सगळं खोलावं लागेल."

तिला मोठी मजा वाटली. मग खालच्या फळीवरचा एक साधा डबा दाखवून तिने विचारलं, "आणि हा?"

"मूळ गाडीला होता तसाच आहे. मऊ चालतो. म्हातारेकोतारे नेतात." व्यापाऱ्याने एक जडशीळ डबा पुढे केला. "तुमच्या गाडीला हा शोभेल. अस्सल शर्यतीचा. घट्ट धरतो, सोडायचं नाव नाही."

आपल्या बापाच्या गाडीला म्हाताऱ्यांचा क्लच? छे. तिने जड डबा उचलला.

गावच्या मिस्त्रीने तो हातात घेऊन विचारलं, "शर्यतीला जायचंय का?"

"घाट चढायचाय," ती म्हणाली. तिचा उत्साह पाहून मिस्त्री पुढे बोलला नाही. त्याने क्लच बसवून दिला.

भाऊबीजेच्या आदल्या सकाळी म्हातारा गाडीत बसला. डाव्या पायाने पेडल दाबलं. ते अर्ध्यावर अडलं. त्याने दोन्ही हातांनी मांडीवर जोर दिला. पेडल काही खाली जाईना. त्याने पाय काढून घेतला.

"गाडी जवान झाली गं," तो शेवटी म्हणाला. "मीच तेवढा म्हातारा राहिलो."

लेकीला रडू आवरेना. ती तशीच मिस्त्रीकडे गेली.

"इतक्या जणांना इतकं विचारलं, मिस्त्रीबाबा. चुकलं कुठे?"

"पाय कुणाचा, हे विचारलंस का?"

"नाही," ती म्हणाली.

"मी तरी कुठे विचारलं?" मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, तूच चालवणार." त्याने आपल्या फळीवरून साधा डबा काढला. "पण आता सगळं परत खोलायचं. उद्याचा दिवस हातचा गेला समज."

भाऊबीज गेली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने पेडल दाबलं, ते लोण्यासारखं खाली गेलं. गाडी घाट चढली, म्हाताऱ्याच्याच हाताने आणि त्याच्याच पायाने. शेजारी लेक बसली होती आणि सबंध वाटेत तिने एकही प्रश्न विचारला नाही.

बहीण दारातच होती. कालचं तबक तिने आवरलं नव्हतं.

"काल वाट पाहिली," ती म्हणाली.

"काल माझं आणि गाडीचं जमत नव्हतं. आज जमलं."

म्हातारा पाटावर बसला. बहीण भिंतीला धरून, तबक सावरत उभी राहिली. निरांजनाची ज्योत हलत होती. लेक ते पाहत होती. तिने हळूच विचारलं, "आत्या, तुला उभ्याने ओवाळायला बरं, की बसून?"

नव्वदीच्या आत्याने तबक खाली ठेवलं. "बसूनच बरं, बाळ," ती म्हणाली. "पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

लेकीने दुसरा पाट मांडला.

म्हणून मंडळी, ध्यानात ठेवा: साऱ्या जगाला विचारा, पण ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी विचारा.