राजाची गव्हाण

हिंदूराव शर्यतीच्या बैलाला, राजाला, स्वतः भिजवलेले हरभरे चारत. पण सून किशोरीनं नातवाच्या ताटात भाकरी नि मोडाची मटकी वाढली, तसे ते गरजले, "हे गुरांचं खाणं माझ्या घरात नको. पोराला पाव-बिस्किटं दे, नाहीतर माहेर गाठ."



शर्यतीच्या सकाळी किशोरी बिस्किटांनी भरलेली पाटी घेऊन गोठ्यात शिरली आणि गव्हाणीवर वाकली. हिंदूराव धावत आडवे आले.

"डोकं फिरलंय का तुझं? राजाला पळायचंय आज."

"मग तुमच्या नातवाला काय जन्मभर बसून राहायचंय, आबा?"

हिंदूराव राजासाठी भिजवलेले हरभरे कालवू लागले. मग मान न वळवता म्हणाले, "यातले चार त्याच्या वाटीत टाक."