म्हशीचा विनोद आणि राजाचे गाल

सुभानाला नोकरी सोडायची होती. पण राजाची नोकरी अशी सहज सुटते थोडीच!

काम तसं सोपं. रणशूरराजांना तेच ते विनोद सांगायची भारी हौस, आणि त्यांनी विनोद सांगितला की दरबारात सगळ्यांत आधी हसायचं ते सुभानानं. तो हसला की बाकीच्यांना कळायचं, विनोद संपला! पगार वेळेवर, दिवाळीला नवं धोतर. लोक म्हणायचे, नशीब काढलं लेकानं.

पण एकदा त्याच्या धाकट्या लेकीनं बापाचं मुंडासं मांजराच्या डोक्यावर घातलं. सगळं घर हसून हसून बेजार झालं, आणि सुभाना नुसता बघत बसला. दरबारात रोज खोटं हसून हसून त्याला खरं हसूच येईना! पोर हिरमुसली.

"सरू, मी दुसरी नोकरी बघतो," तो बायकोला म्हणाला.

"बघा की! पण हातातली सोडण्याआधी बघा, आणि गुपचूप बघा," सरू म्हणाली. "लोक विचारतील, येतं काय तुम्हाला? तेवढं उत्तर तयार ठेवा."

तेच उत्तर काही तयार होईना. तरी बाजारात जाऊन त्यानं धान्याच्या व्यापाऱ्याला हळूच विचारलं, "शेटजी, काही काम आहे का?"

"काय येतं तुला?"

"हसता येतं."

"मग नको रे बाबा! माझे भाव ऐकून गिऱ्हाईक रडतं. त्यात तू हसलास तर मारच खाशील!"

शेजारच्या दुकानात दरबारातले दिवाणजी उपरणं निवडत होते. त्यांनी कान टवकारले आणि बातमी थेट राजांपर्यंत पोचवली. तिखटमीठ लावून, अर्थातच. नाहीतर ते दिवाणजी कसले!

राजे लालबुंद झाले. त्यांनी सुभानाला बोलावून घेतलं. "माझी नोकरी नको? का नको? उद्या भर दरबारात कारण सांग! खोटं बोललास तर अंधारकोठडी. आणि माझा अपमान केलास तरी अंधारकोठडी!"

आता आली का पंचाईत! खरं कारण साऱ्या दरबाराला ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुभाना हात जोडून उभा राहिला. "महाराज, कारण सांगतो. पण आधी एक मागणं आहे. थोडा वेळ मी विनोद सांगतो आणि आपण माझं काम करा. मी सांगेन तेव्हा हसायचं, आणि पोट धरून हसायचं. माझ्या नोकरीची अटच आहे तशी."

"त्यात काय मोठंसं! सांग!" राजे सरसावून बसले.

सुभानानं राजांचाच लाडका विनोद काढला. "एक म्हातारा म्हशीवर बसून बाजारात गेला. तिथे त्यानं म्हैस विकली. मग घरी चालत आला!"

राजे खदाखदा हसले. आपलाच विनोद, का नाही हसणार?

"एक म्हातारा म्हशीवर बसून..." सुभानानं पुन्हा सुरुवात केली. राजे हसले. त्यानं पुन्हा सांगितला. राजांनी दात दाखवले. त्यानं आणखी एकदा सांगितला.

"महाराज, पोट धरून!" सुभानानं आठवण करून दिली.

राजांनी पोट धरलं. म्हातारा पुन्हा एकदा म्हशीवर बसू लागला, तसे राजे ओरडले, "अरे पुरे! गाल दुखले माझे! तोच तो विनोद, त्यावर माणसानं हसायचं तरी किती? नको मला ही नोकरी!"



सुभाना वाकून म्हणाला, "महाराज, हेच माझं कारण! खोटं म्हणावं तर आपणच बोललात. आणि अपमान म्हणावा, तर मी तोंडातून अपमानाचा शब्दही काढला नाही!"

राजे असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "गड्या, जिंकलास! आजपासून तू खजिन्याचा रखवालदार. पगार दुप्पट. आणि खजिन्यासमोर हसायला सक्त मनाई!"

ते ऐकून सुभानाला हसू फुटलंच. मनापासून, खराखुरा हसला.

त्याच्याहून मोठ्यानं हसले दिवाणजी. राजे खूश झाले की आपणही खूश व्हावं, ही त्यांची जुनी सवय.

राजांनी वळून पाहिलं. "वा, दिवाणजी! काय सुरेख हसता हो तुम्ही! सुभानाची जागा आजपासून तुमची!"

हल्ली दिवाणजी बाजारात दिसतात म्हणे. दुकानादुकानांत हळूच विचारतात, "काही काम आहे का?"