पिलूचा कोवळा शेंडा

मोठ्यांच्या चुका लहानांनी सांगायच्या नसतात, असं मला बजावलेलं आहे. तरी ही एक सांगते.

खाडीकाठच्या एका गावात इनूसचाचा नावाचे एक बांगी होते. मशिदीत पाच वेळा अजान देणं हे त्यांचं काम. पहाटे फजरच्या नमाजाआधी ते वाटेवरच्या करंजाची काडी मोडत, तिचं टोक चावून मऊ करत आणि चालता चालता दात घासत. "अल्लासमोर उभं राहायचं तर तोंड स्वच्छ हवं," असं ते मुलांना सांगत.

त्याच वाटेवर हलीमाखालाचं अंगण होतं. तिच्या नवऱ्याने शेवटच्या सफरीत गुजरातच्या किनाऱ्यावरून पिलूचं रोप आणलं होतं. खरी मिसवाक, म्हणजे दात घासायची काडी, याच झाडाची. पुढे नवरा गेला, रोप राहिलं. खालाने ते तीन वर्षं जपून कमरेएवढं वाढवलं. त्याला एकच शेंडा होता आणि तो कुंपणावरून वाटेकडे झुकला होता. "मोठं झालं की साऱ्या गावाला मिसवाक देईन," असं ती म्हणे.

एके पहाटे चाचांना उशिरा जाग आली. ते अंधारात लगबगीने निघाले. हाताला काडी लागली, ती त्यांनी मोडली आणि दाताखाली धरली. करंज कडू लागतो. ही काडी मोहरीसारखी तिखट लागली. चाचांचे पाय जागीच थांबले.

पण वेळ झाली होती. काडी खिशात टाकून त्यांनी अजान दिली आणि ते नमाज पढले. जिभेवरचा तिखटपणा काही जाईना.

उजाडलं तेव्हा खालाच्या कुंपणापाशी गर्दी जमली होती. खाला शेंडा मोडलेल्या रोपाजवळ बसून होती. लोकांची बोटं शेजारच्या जैतूनबीच्या शेळीकडे वळली होती.

"माझी नवी लुंगी खाल्ली हिने," रज्जाक दर्जी ओरडला. "झाड काय सोडणार?"

"रात्रभर बांधलेली होती रे ती!" जैतूनबी म्हणाली.

"मग दावंही खाल्लं असेल."

लोक हसले. जैतूनबीला हसू आलं नाही. तिच्या आईवेगळ्या नातवाचं पोट त्या शेळीच्या दुधावर होतं. शेळी आजच बाजारात पाठवायची, असं चारचौघांनी ठरवूनही टाकलं.

जैतूनबी मशिदीतून परतलेल्या चाचांकडे वळली. "चाचा, तुम्ही तरी सांगा यांना. तुमचा शब्द कुणी खाली पडू देत नाही."

चाचांचा हात खिशात होता. कुणी काही पाहिलं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. पण मग दुपारच्या अजानसाठी हेच तोंड उघडायचं होतं. त्यांनी काडी बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर धरली.

"यावरचे दात माझे आहेत," ते म्हणाले. "शेळीला सोडा."

रज्जाकने मान खाली घातली. हलीमाखाला मात्र भडकली. "अहो, हात लावण्याआधी एक हाक तरी मारायची!"

"अंधारात कळलं नाही. पण चूक माझीच. माफ कर."

"माफीचं मागाहून बघू. आधी झाडाला पाणी घाला."

दुसऱ्या दिवसापासून चाचा अजानआधी विहिरीवरून गोड्या पाण्याची कळशी आणू लागले. मुलं विचारत, "चाचा, तुम्ही का पाणी घालता?" चाचा सगळं सांगत. काहीच लपवत नसत.

महिनाभराने एका पहाटे पाणी घालताना मोडलेल्या जागेखाली त्यांच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. उजाडल्यावर त्यांनी खालाला हाक मारली. एका शेंड्याच्या जागी तीन कोंब फुटले होते.

खालाने वाकून तिन्ही कोंबांना हलकेच बोट लावलं.

"यातला एक तुमच्या नावाचा," ती म्हणाली. "पण विचारून तोडायचा."

तात्पर्य: काडीने दात स्वच्छ होतात, तोंड स्वच्छ होतं ते आपली चूक आपणच सांगितल्यावर.